दहा डॉलरचा बिल्ला

कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून उत्तरेस सुमारे ८० किलोमीटर अंतरावर, बोनेअर नावाचे एक लहानसे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २८८ चौरस किलोमीटर. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, वृक्षराजीऐवजी निवडुंगांच्या रांगा, मोकाट हिंडणारी गाढवे व शेळ्या, दक्षिण टोकाला मिठागरे आणि त्या मिठागरांत एका पायावर उभे राहिलेले गुलाबी रोहित पक्षी. डच वसाहतकारांनी एकेकाळी येथे गुलामांकडून मीठ पिकवून घेतले. वाकूनच आत शिरावे लागेल अशा त्या गुलामांच्या ठेंगण्या दगडी झोपड्या किनाऱ्यावर अद्याप उभ्या आहेत. मिठाखेरीज निर्यात करावे असे या भूमीत फारसे काही पिकत नाही. निसर्गाने या बेटाला जे काही भरभरून दिले, ते सारे पाण्याखाली.

पाऊस कमी म्हणून नद्या नाहीत, नद्या नाहीत म्हणून समुद्रात गाळ उतरत नाही आणि गाळ नाही म्हणून पाणी काचेसारखे नितळ. प्रवाळाला नेमके हेच मानवते. परिणामी बोनेअरच्या किनाऱ्यापासून काही पावलांवरच प्रवाळभित्ती सुरू होते. जगातील अनेक ठिकाणी प्रवाळ पाहण्यासाठी नौकेतून तास-दोन तास जावे लागते. येथे पाणबुड्या आपली भाड्याची गाडी रस्त्याच्या कडेला उभी करतो, पाठीवर प्राणवायूची नव्हे तर दाबाखालील हवेची टाकी बांधतो (पुष्कळांचा हा गैरसमज असतो) आणि सरळ समुद्रात चालत जातो. कोठे उतरायचे, हे सांगण्यासाठी रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत. त्यांवर त्या त्या जागेचे नाव लिहिलेले असते.

भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत बेटाभोवतीचा सारा समुद्र १९७९ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहे. क्षेत्र सुमारे २,७०० हेक्टर. या उद्यानाची रम्य वर्णने प्रवासविषयक नियतकालिकांत वाचावयास मिळतात. येथे विचार करावयाचा आहे तो त्याच्या जमाखर्चाचा.

भांडवल होते, खेळते भांडवल नव्हते

बोनेअरमध्ये संरक्षणाची परंपरा तशी जुनी. समुद्री कासवांच्या अंड्यांना १९६१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. १९७१ मध्ये भाल्याच्या बंदुकीने मासे मारण्यास बंदी झाली आणि १९७५ मध्ये प्रवाळ तोडून नेणे गुन्हा ठरले. १९६२ मध्ये या बेटावर येऊन स्थायिक झालेले अमेरिकन पाणबुडे डॉन स्ट्युअर्ट, ज्यांना सारे ‘कॅप्टन डॉन’ म्हणत, यांचा या वातावरणनिर्मितीत मोठा वाटा होता. नौकेचा नांगर प्रवाळावर पडला की काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

काय होते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो सूक्ष्म प्राण्यांचा समूह आहे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात आणि एका पिढीच्या घरावर पुढची पिढी आपले घर उभारते. गोलाकार, भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला साधारणतः एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माणसाच्या उंचीचा प्रवाळखडक हे दीड-दोन शतकांचे काम असते. पंधरा-वीस किलो वजनाचा लोखंडी नांगर आणि त्यामागे फरफटणारी साखळी हे काम काही मिनिटांत मोडून टाकते. यावर उपाय साधा आहे. वाळूत किंवा खडकात कायमची कडी बसवायची, तिला दोर व वर तरंगता बोया लावायचा आणि नौकांनी नांगर न टाकता त्या बोयाला बांधून घ्यायचे.

उपाय साधा असला तरी तो फुकट नाही. दोर सडतो, बोया फुटतो, कडी झिजते. दर काही महिन्यांनी कोणी तरी पाण्यात उतरून ते तपासावे लागते. त्या ‘कोणी तरी’ला पगार द्यावा लागतो, त्याच्या नौकेला इंधन लागते.

१९७९ मध्ये उद्यानाची स्थापना झाली तेव्हा वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या नेदरलँड्स शाखेने व तेथील शासनसंस्थांनी अनुदान दिले. टॉम फान्ट हॉफ या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली नौका, साधने, बोये, माहितीपुस्तिका असे सारे सिद्ध झाले. आणि मग अनुदानाची मुदत संपली. शुल्क आकारण्याची कल्पना आरंभीच मांडली गेली होती. पण ती अमलात आली नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उद्यान केवळ कागदावर उरले. कायदा होता, नकाशा होता, नावही होते. राखणदार मात्र नव्हता. आणि नेमक्या याच काळात बेटावर येणाऱ्या पाणबुड्यांची संख्या वाढत होती.

कर्ज विभागात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ही कथा परिचित वाटेल. मुदत कर्ज घेऊन शेड उभी राहते, यंत्रे बसतात, उद्घाटनाला पाहुणे येतात आणि कच्च्या मालासाठी व पगारासाठी खेळत्या भांडवलाची तरतूदच नसल्याने वर्ष-दोन वर्षांत तो उद्योग आजारी पडतो. आम्ही प्रकल्प अहवालात ही तरतूद डोळ्यांत तेल घालून पाहतो. निसर्गसंरक्षणाच्या प्रकल्पांत ती फार वेळा पाहिली जात नाही, कारण देणगीदाराला आपल्या नावाची नौका दिसायला हवी असते. त्या नौकेचे तिसऱ्या वर्षीचे डिझेल हे काही कोणाच्या नावे देता येत नाही.

शुल्काचा निर्णय

१९९० मध्ये या निपचित उद्यानाकडे पुन्हा लक्ष गेले. डच शासनाने पुनरुज्जीवनासाठी अर्थसाहाय्य देऊ केले. पण या वेळी एका अटीवर. मदत काही वर्षांपुरती असेल आणि तेवढ्या अवधीत उद्यानाने आपला चालू खर्च स्वतः भागवायला शिकले पाहिजे. अनुदानाला अशी अट जोडणारा अधिकारी कोण होता हे मला ठाऊक नाही; तो माणूस मुरलेला बँकर असावा असे वाटते.

अटीची पूर्तता करण्याचा एकच मार्ग दिसत होता. ज्यांच्यासाठी प्रवाळाला मोल आहे त्यांच्याकडूनच काही घ्यावे. दर वर्षी प्रत्येक पाणबुड्याकडून दहा अमेरिकी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने अडीचशे ते तीनशे रुपये.

विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पाण्यात बुडी मारण्याची सोय करून देणारे व्यावसायिक म्हणाले की, गिऱ्हाईक शेजारच्या बेटावर निघून जाईल. समुद्र तर सगळीकडेच आहे. कॅरिबियनमध्ये डझनावारी बेटे एकाच पर्यटकाला हाका मारीत असताना आपणच तेवढी दारात पेटी ठेवावी, हा त्यांना आत्मघात वाटला.

अशा वेळी अंदाजावर वाद घालण्याऐवजी गिऱ्हाइकालाच विचारावे, हा मार्ग स्वीकारण्यात आला. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ जॉन डिक्सन, त्यांच्या सहकारी लुईस फॅलन स्कुरा आणि वर उल्लेखिलेले फान्ट हॉफ यांनी १९९१ च्या अखेरीस बेटावर आलेल्या पाणबुड्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सागरी उद्यानांच्या अर्थकारणावर लिहिणारे लेखक आजही त्यांचा आधार घेतात. पाहणी फार मोठी नव्हती. ७९ जणांची होती. पण उत्तरे बोलकी होती. ९२ टक्के लोकांना शुल्काची कल्पना रास्त वाटली व वर्षाला दहा डॉलर देण्यास ते तयार होते. सुमारे ८० टक्के वीस डॉलर, ४८ टक्के तीस डॉलर आणि १६ टक्के तर पन्नास डॉलरदेखील देण्यास राजी होते. देण्याच्या तयारीची सरासरी निघाली २७ डॉलर ४० सेंट.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मार्शलचे ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ आठवत असेल. वस्तूसाठी आपण जी किंमत द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जी देतो, त्यांतील फरक म्हणजे हे आधिक्य. महाविद्यालयात ते आलेखावरच्या एका त्रिकोणाहून अधिक काही वाटत नसे. येथे मात्र तो त्रिकोण सतरा डॉलर चाळीस सेंटांचा होता आणि आजवर तो सगळाच्या सगळा पाहुण्याच्या खिशात परत जात होता. बोनेअरला येणारा पर्यटक विमानाचे भाडे, हॉटेल, गाडी, हवेच्या टाक्या यांवर जे शेकडो डॉलर खर्च करतो, त्यापुढे दहा डॉलर म्हणजे चहापाण्याचा खर्च. या किमतीला मागणीची लवचिकता जवळपास शून्य असणार, हे आधी उमगायला हवे होते असे आज वाटते. पण स्वतःच्या धंद्याबाबत धोका पत्करायची वेळ येते तेव्हा पुस्तकातील लवचिकता कोणालाही धीर देत नाही.

१ जानेवारी १९९२ पासून शुल्क लागू झाले.

पाणबुड्यांच्या संख्येत घट झाली नाही. ती पुढेही वाढत राहिली. १९९१ मध्ये सुमारे १७,००० पाणबुडे आले होते. पहिल्याच वर्षी शुल्कापोटी सुमारे १ लाख ७० हजार डॉलर जमा झाले आणि उद्यानाचा चालू खर्च त्यातून भागला. तुलनेसाठी आणखी एक आकडा ध्यानात घ्यावा. पाणबुड्यांच्या पर्यटनातून बेटाच्या अर्थव्यवस्थेत १९९१ मध्ये झालेली ढोबळ उलाढाल २ कोटी ३२ लाख डॉलर होती. म्हणजे जी मालमत्ता वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक उलाढाल घडवत होती, तिच्या देखभालीसाठी पावणेदोन लाख मिळत नव्हते म्हणून ती बेवारस पडली होती.

बिल्ल्याची व्यवस्था

या योजनेचे खरे कौशल्य दहा या आकड्यात नाही. ते वसुलीच्या व हिशेबाच्या पद्धतीत आहे.

समुद्राला दरवाजा नसतो. किनाऱ्यावर जागोजागी तिकीटघर बांधायचे म्हटले तर जमा रकमेतून तिकीट फाडणाऱ्यांचेच पगार होतील. म्हणून वसुलीचे काम त्या व्यावसायिकांकडेच सोपवण्यात आले, ज्यांनी आरंभी विरोध केला होता. हवेची टाकी भरून घ्यायला पाणबुड्याला त्यांच्याकडे यावेच लागते. तेथे दहा डॉलर भरायचे, पावती घ्यायची आणि त्या वर्षाचा प्लॅस्टिकचा एक छोटा बिल्ला घ्यायचा. हा बिल्ला आपल्या साधनसामग्रीला दिसेल असा लावायचा. राखणदाराला पाण्यातही एका दृष्टिक्षेपात कळत असे की, कोणी पैसे भरले आहेत आणि कोणी नाहीत. पहिली बुडी मारण्यापूर्वी उद्यानाचे नियम समजावून सांगणारे निरूपण ऐकणे सक्तीचे. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, काहीही उचलून नेऊ नये. शुल्क घेण्याच्या निमित्ताने प्रत्येक पाहुणा पाच-दहा मिनिटे का होईना, व्यवस्थापनाच्या समोर उभा राहतो, हा लाभ पैशात मोजता येणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जमा झालेली रक्कम सर्वसाधारण तिजोरीत जात नाही. ‘स्टिनापा’ या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या बिगरशासकीय न्यासाकडे उद्यानाचे व्यवस्थापन आहे आणि शुल्काचा पैसा उद्यानाच्या व्यवस्थापनासाठीच वापरायचा, हे बंधन आहे. पाहणीत लोकांनी जी तयारी दाखवली, तिच्यामागे हा विश्वास होता. आपले दहा डॉलर कोणत्या बोयाला लागले हे डोळ्यांनी दिसत असेल तर माणूस पुढल्या वर्षी ते पुन्हा देतो. तेच दहा डॉलर ‘पर्यटन कर’ म्हणून विमानतळावर कापून घेतले असते तर त्याने कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

याच पाहणीत आणखी एक मोलाची बाब पुढे आली. माणसांच्या वर्दळीला प्रवाळ किती दाद देतो, हे तपासले असता दिसले की, एका जागी वर्षाला चार ते सहा हजारांपर्यंत बुड्या झाल्या तर फारसा फरक जाणवत नाही. त्या मर्यादेपलीकडे मात्र प्रवाळाचे आच्छादन झपाट्याने उतरते. म्हणजे शुल्क भरले म्हणून हवे तेवढे लोक हव्या त्या जागी सोडता येत नाहीत. वर्दळ वेगवेगळ्या जागी पांगवावी लागते, थकलेल्या जागा काही काळ बंद ठेवाव्या लागतात. रस्त्याकडेच्या त्या पिवळ्या दगडांची संख्या इतकी असण्यामागे हेही एक कारण म्हणता येईल.

पुढे दर वाढले. २००५ मध्ये पाणबुड्यांसाठी २५ डॉलर झाले आणि तोवर मोफत पाणी वापरणाऱ्या इतरांनाही, म्हणजे पोहणारे, शिडाच्या फळीवर स्वार होणारे, लहान होड्या वल्हवणारे अशा सर्वांना, दहा डॉलर लागू झाले. हे न्याय्यच होते. एकाच घरातील एका भाडेकरूकडून देखभाल खर्च घ्यावा आणि दुसऱ्याला सूट द्यावी, असे तेरा वर्षे चालले होते. त्यानंतर स्टीव्हन थर या अर्थतज्ज्ञाने नव्याने केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभराच्या प्रवेशासाठी देण्याची सरासरी तयारी, गणनेच्या पद्धतीनुसार, ६१ ते १३४ डॉलरांच्या दरम्यान आढळली. २०१९ मध्ये दर पाणबुड्यांसाठी ४५ व इतरांसाठी २५ डॉलरपर्यंत नेण्यात आले.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९३ पासून असेच शुल्क आहे, पण त्याची रीत निराळी. तेथे ते प्रतिमाणशी, प्रतिदिवशी आकारले जाते व सहलीच्या नौकांचे मालक ते गोळा करून प्राधिकरणाकडे भरतात. स्वतःच्या खासगी नौकेतून जाणाऱ्याला ते लागत नाही. साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपासचा तो विस्तार केवळ पर्यटकांच्या नाण्यांवर सांभाळता येणे शक्यच नाही. तेथे मुख्य भार शासन उचलते आणि शुल्क त्याला हातभार लावते. लहान बेटाचे गणित खंडाला जसेच्या तसे लावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याचा धोका

२०२० च्या मार्चमध्ये बोनेअरला येणारी विमाने थांबली. कोरोनाच्या साथीने पर्यटक थांबले, पर्यटकांबरोबर बिल्ले थांबले आणि बिल्ल्यांबरोबर उत्पन्न. ज्या स्वावलंबनाचे तीन दशके कौतुक झाले, त्याची दुसरी बाजू त्या वर्षी उघडी पडली. ऑस्ट्रेलियात तर सहल व्यावसायिकांना दिलासा म्हणून शुल्कच माफ करावे लागले. राखणदाराचे काम मात्र पर्यटक नसले तरी संपत नाही. उलट समुद्र ओस पडला की, चोरटी मासेमारी वाढण्याची भीती असते.

कर्जमंजुरीच्या टिपणात आम्ही ‘एकाच खरेदीदारावरील अवलंबित्व’ असा एक धोका नोंदवतो. बोनेअरचे उद्यान याच धोक्याचे उदाहरण ठरते. चांगल्या वर्षांतील अधिक्यातून राखीव निधी उभारणे, त्याच्या व्याजातून किमान पगार तरी भागतील अशी तजवीज करणे, हा त्यावरील सर्वश्रुत उपाय. पण शुल्क बेताचे ठेवले तर अधिक्यच उरत नाही आणि ते वाढवले तर सामान्य पर्यटकाला समुद्र परका होतो. हा पेच तिकडे सुटलेला नाही.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. नांगर, पाय, कचरा, चोरटी शिकार यांपासून राखणदार प्रवाळाला वाचवू शकतो. समुद्राचे पाणी तापले तर तो काही करू शकत नाही. पाणी तापले की, प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे, त्याला अन्न पुरवणारे शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. ही अवस्था लांबली तर मरतो. १९९८ मध्ये आपल्या लक्षद्वीपात व मन्नारच्या आखातात आणि २०१० मध्ये अंदमानात हे घडले. २०२४ च्या एप्रिलमध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. शिवाय कठीण प्रवाळाच्या पेशी झडवणारा एक रोग २०२३ मध्ये बोनेअरच्या समुद्रात पोहोचला. शुल्क म्हणजे विमा नव्हे. निगा राखलेला प्रवाळ आजारातून सावरण्याची शक्यता अधिक असते, इतकेच त्यातून विकत मिळते.

तिजोरीचा प्रश्न

आपल्याकडे ही कल्पना आणावयाची म्हटल्यास पहिला अडथळा पर्यटकाच्या खिशाचा येत नाही. तो येतो लेखाशीर्षाचा. शासनाने आकारलेले शुल्क एकत्रित निधीत जमा होते व तेथून खर्च करावयाचा तर विधिमंडळाची मंजुरी लागते. लोकशाहीत ही शिस्त योग्यच आहे. पण परिणामी प्रवेशद्वाराशी जमा झालेला रुपया त्याच प्रवेशद्वाराशी परत येईल याची शाश्वती राहत नाही, आणि फाटलेला दोर तर अर्थसंकल्पाची वाट पाहत नाही.

याला तोड निघाली ती वाघांच्या बाबतीत. वन्यजीव संरक्षण अधिनियमात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी स्वतंत्र व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली. त्यामुळे ताडोबा, मेळघाट अशा ठिकाणी पर्यटनातून येणारे उत्पन्न प्रतिष्ठानाकडे ठेवून तेथीलच संरक्षणासाठी व भोवतालच्या गावांसाठी वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. बोनेअरच्या न्यासाची ही आपल्या मातीतील भावंडेच म्हणावयास हवीत. कायद्याने वाघासाठी जी वाट काढली, ती प्रवाळासाठीही काढता येण्यासारखी आहे.

भारतातील सागरी उद्याने काही थोडीथोडकी नाहीत. कच्छच्या आखातातील उद्यान १९८२ चे, अंदमानातील वांडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ चे, मन्नारच्या आखातातील १९८६ चे. वांडूरमध्ये जॉली बॉय व रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून पर्यटकांना खुली करतात, म्हणजे एकाला विसावा मिळतो. वर्दळ पांगवण्याचे तत्त्व आपल्याला नवे नाही.

आणि महाराष्ट्राचे म्हणाल, तर मालवण. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यांपैकी तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र. त्यात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांभोवतीचा समुद्र येतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी केली, त्याच्याच आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असते? मच्छीमार समाजाने या अभयारण्याकडे आरंभापासून संशयाने पाहिले. आपली जाळी टाकण्याची जागा जाईल ही त्यांची धास्ती होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून कोणतीही योजना पुढे जाणार नाही. दरम्यान स्नॉर्केलिंग व स्कूबा यांची लोकप्रियता वाढली आणि कालचे अनेक मच्छीमार आज पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखवतात.

काही वर्षांपूर्वी मीही त्यांच्यापैकी एकाच्या होडीत बसलो होतो. माझ्याशेजारी एक पुणेकर काका पाण्यात उतरले आणि दमल्यावर, विसाव्यासाठी म्हणून, सरळ प्रवाळावर उभे राहिले. होडीवाल्याने ओरडून त्यांना खाली उतरवले. पाण्यात दोर सोडता सोडता मी त्याला विचारले की, माणशी शंभर रुपये जादा घेतले तर लोक देतील का. त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “देतले. पण ते पैसे खंय जातले?” माझ्या हातात पावती होती. तिच्यावर प्रवासी संख्या व रक्कम होती. प्रवाळाचा उल्लेख नव्हता.

त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. खाते स्वतंत्र हवे. त्यावर सही करणाऱ्यांत होडीवाल्यांचा व मच्छीमारांचा प्रतिनिधी हवा, कारण बोनेअरप्रमाणे येथेही वसुली तेच करू शकतात आणि प्रवाळावर उभ्या राहिलेल्या काकांना खाली उतरवणारेही तेच आहेत. जमाखर्च दर महिन्याला जेटीवरच्या फलकावर मराठीत लावला गेला पाहिजे. ज्यांची जाळी टाकण्याची जागा आक्रसेल, त्यांचा वाटा पहिल्या वर्षापासून लिहून ठेवला पाहिजे. तो ‘नंतर पाहू’ म्हणून सोडल्यास जुना संशय खराच ठरेल.

आणि रोख प्रवाहाचा एक प्रश्न असा आहे, जो बोनेअरला कधी पडला नाही. तेथे पाऊस बेताचा, समुद्र बाराही महिने खुला. मालवणात पावसाळ्यात समुद्र खवळतो, किल्ल्याची वाहतूक बंद होते, पर्यटकांच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. म्हणजे उत्पन्न आठ महिन्यांचे आणि राखणदाराचा पगार बारा महिन्यांचा. बोये तर मे महिन्याच्या अखेरीस काढून आणून शाकारलेल्या छपराखाली ठेवावे लागतील व पाऊस सरल्यावर पुन्हा लावावे लागतील. पैकी लावण्याचा खर्च हंगामातील पहिला पर्यटक येण्याआधीच करावा लागेल. तेव्हा जमा रकमेचा एक तृतीयांश हिस्सा ऑक्टोबरपासूनच बाजूला काढून अल्पमुदतीच्या ठेवीत ठेवावा आणि तिची मुदत जूनच्या पहिल्या तारखेला पूर्ण होईल अशी आखावी, असे माझ्या हिशेबाने येते.